मैल्याचे मोल

झोपडपट्टीतील शौचालय हा आजवर दानधर्माचा, सरकारी योजनांचा आणि निवडणुकीतील आश्वासनांचा विषय होता. गेल्या दीड-दोन दशकांत आफ्रिका, आशिया आणि कॅरिबियन बेटांवर तो व्यवसायाचाही विषय झाला आहे. हा व्यवसाय चालतो कसा, त्याने गरिबी हटते का आणि त्याचा हिशेब नेमका कुठे अडतो, याचा हा वेध.

केनियाची राजधानी नैरोबी. शहराच्या औद्योगिक पट्ट्याला लागून मुकुरू नावाची पत्र्याच्या खोल्यांची अफाट वस्ती पसरलेली आहे. दोन माणसे जेमतेम एकमेकांना ओलांडू शकतील अशा गल्ल्या, मधून वाहणारे उघडे गटार आणि एकेका खोलीत चार-पाच माणसांचा संसार. मुंबईकर वाचकाला हे चित्र वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. नैरोबीच्या अशा वस्त्यांमध्ये एक शब्दप्रयोग वर्षानुवर्षे रूढ होता, 'उडते संडास'. रात्री खोलीबाहेर पडणे धोक्याचे, म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत विधी उरकायचा, गाठ मारायची आणि ती पिशवी छपरावरून भिरकावून द्यायची. ती कुठे पडते, कोणाच्या दारात पडते, हे पाहण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे.

२०११च्या अखेरीस याच मुकुरूमध्ये निळ्या रंगाचे एक छोटेसे शौचालय उभे राहिले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत व्यवस्थापन शिकलेल्या तीन तरुणांनी 'सॅनर्जी' नावाची संस्था काढली होती आणि 'फ्रेश लाइफ' हे त्यांच्या शौचालयांचे नाव. ही शौचालये त्यांनी दान केली नाहीत, विकली. घेणारे वस्तीतलेच रहिवासी. एकेका वापरासाठी पाचेक शिलिंग आकारायचे, जागा स्वच्छ ठेवायची आणि त्या उत्पन्नावर घर चालवायचे, असा हा व्यवहार. साचलेला मैला रोजच्या रोज उचलून नेण्याची जबाबदारी संस्थेची आणि त्या मैल्याचे खत करून ते शेतकऱ्यांना विकण्याचीही.

संडास हा धंदा होऊ शकतो, ही कल्पना आपल्या कानांना काहीशी विचित्र वाटते. पाणपोई आणि शौचालय यांचे पैसे घ्यायचे नसतात, असा एक संस्कार आपल्यावर आहे. पण फुकटच्या शौचालयाची सहा महिन्यांत काय दशा होते, हेही आपण पाहिलेले आहे. या दोन अनुभवांच्या मधोमध हा विषय उभा आहे.

प्रश्नाचा आकार

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या संयुक्त पाहणीनुसार २०२२मध्ये जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना सुरक्षित स्वच्छतेची सेवा उपलब्ध नव्हती. त्यांपैकी सुमारे ४२ कोटी लोक उघड्यावर शौचाला जात होते. २०३०पर्यंत सर्वांना ही सेवा मिळावी, हे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी एक आहे.

अस्वच्छतेचा आणि गरिबीचा संबंध आपण बहुधा एकाच दिशेने लावतो. गरीब आहेत म्हणून शौचालय नाही, असे म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात बाण उलट दिशेनेही जातो. मूल हगवणीने आजारी पडले, की आईचा रोज बुडतो आणि डॉक्टरची फी वर. वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगी खाल्लेले अन्न लागत नाही आणि त्याची वाढ खुंटते. शाळेत सोय नसलेली मुलगी वयात आली, की महिन्यातले काही दिवस घरी राहते आणि अभ्यासात मागे पडते. रांगेत रोज अर्धा तास घालवणाऱ्या मजुराचा तो अर्धा तास कोणत्याच खातेवहीत लिहिला जात नाही.

ही खातेवही मांडण्याचा प्रयत्न जागतिक बँकेच्या पाणी व स्वच्छता कार्यक्रमाने भारतापुरता केला. २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार अपुऱ्या स्वच्छतेमुळे २००६ या एका वर्षात भारताचे सुमारे २ लाख ४० हजार कोटी रुपयांचे नुकसान झाले. हे त्या वर्षीच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ६.४ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२च्या अभ्यासाने दुसरी बाजू मांडली. स्वच्छतेवर खर्च केलेल्या एका डॉलरमागे समाजाला सुमारे साडेपाच डॉलरचा लाभ होतो, असा त्याचा निष्कर्ष होता.

एका डॉलरला साडेपाच डॉलर देणारा धंदा हातचा सोडील असा व्यापारी जगात नसेल. मग या क्षेत्रात भांडवलाची रीघ का लागली नाही? लाभ होतो हे खरे. पण तो गुंतवणूकदाराच्या गल्ल्यात पडत नाही. तो रुग्णालयाच्या न भरलेल्या खाटांमध्ये, न बुडालेल्या शाळेत आणि शेजाऱ्याच्या न आजारलेल्या मुलात विखुरलेला असतो. या लेखातील पुढचा सारा हिशेब याच एका गोष्टीभोवती फिरतो.

पाच कड्यांची साखळी

शौचालय म्हणजे चार भिंती, दार आणि भांडे, अशी आपली समजूत असते. स्वच्छतेच्या शास्त्रात ही केवळ पहिली कडी. दुसरी कडी साठवणीची, म्हणजे खड्डा, सेप्टिक टँक किंवा डबा. तिसरी उपशाची आणि वाहतुकीची, चौथी प्रक्रियेची आणि पाचवी पुनर्वापराची. मोठ्या शहराच्या मध्यवस्तीत या साऱ्या कड्या भूमिगत गटार नावाच्या एकाच नळात गुंफलेल्या असतात, त्यामुळे साखळी वापरल्यावर आपण तिला विसरतो. परंतु आशिया-आफ्रिकेतील बहुतांश गरीब वस्त्यांना गटार नाही आणि नजीकच्या काळात ते मिळण्याची चिन्हेही नाहीत. जागा मालकीची नाही, गल्लीत खोदायला वाव नाही, पाणी नाही आणि पालिकेकडे पैसा नाही.

यांतील एक कडी तुटली तरी बाकीच्यांचा उपयोग शून्य. घरात चकचकीत शौचालय आहे आणि त्याचा टँक उपसणारी गाडी रात्री ओढ्यात रिकामी होते, तर घाण दारातून उचलून गावाच्या पाण्यात टाकली एवढेच घडले. व्यवसायाच्या वाटेने गेलेल्या संस्थांनी प्रत्येक कडीला स्वतंत्र गिऱ्हाईक शोधले. त्यांचे चार ठळक प्रकार दिसतात.

पहिला प्रकार : शौचालय विकणे

कंबोडियाच्या ग्रामीण भागात २००८च्या सुमारास चार घरांपैकी जेमतेम एका घरात शौचालय होते. अनुदानाच्या योजना येत आणि जात. आयडीई या संस्थेने तेथे वेगळाच प्रश्न विचारला. लोकांकडे मोटारसायकल आहे, मोबाइल आहे, मग शौचालय का नाही? उत्तर असे मिळाले की, शौचालय हवे असले तरी ते विकत घेणे हाच एक उपद्व्याप होता. भांडे एका दुकानात, सिमेंटच्या कड्या दुसरीकडे, नळी तिसरीकडे, गवंडी चौथ्या गावात. एकूण खर्च किती येईल, हेही कोणी खात्रीने सांगत नसे. लोकांच्या डोळ्यांसमोर सरकारी योजनेतले महागडे पक्के शौचालय असे आणि तसले परवडत नाही म्हणून ते काहीच बांधत नसत.

यातून 'सोपे शौचालय' जन्माला आले. भांडे, नळी, जोडखोका आणि खड्ड्यासाठी सिमेंटच्या कड्या असा सारा जामानिमा एका संचात, एका किमतीत, घरपोच. हा संच गावोगावच्या सिमेंट-कड्या बनवणाऱ्या लहान कारखानदारांना शिकवला गेला आणि विकण्यासाठी गावातलेच विक्रेते दलालीवर नेमले गेले. २०१०मध्ये या रचनेला अमेरिकेतील औद्योगिक आरेखनाचा मानाचा पुरस्कार मिळाला. पुढे अशा संचांची विक्री तीन लाखांच्या पलीकडे गेली. संस्थेने स्वतः एकही शौचालय विकले नाही. तिने बाजार बसवून दिला.

बांगलादेशात याच धर्तीचा आणखी लहान प्रयोग झाला. उघड्या खड्ड्याच्या तोंडावर बसवायचे 'साटो' नावाचे प्लॅस्टिकचे भांडे. त्याला खालून एक झडप. थोडे पाणी ओतले की ती उघडते आणि पुन्हा आपोआप मिटते. माशांना आणि दुर्गंधीला वाट बंद. अमेरिकन स्टँडर्ड या कंपनीने २०१२नंतर ते विकसित केले. किंमत दोन डॉलरच्या आत. झडपेसारख्या क्षुल्लक वस्तूने जे साधले, ते कित्येक प्रबोधन मोहिमांना साधले नव्हते.

दुसरा प्रकार : वापरा आणि पैसे द्या

या बाबतीत भारताला कोणाकडून धडा घेण्याची गरज नाही. डॉ. बिंदेश्वर पाठक यांनी १९७०मध्ये बिहारमध्ये 'सुलभ'ची स्थापना केली. पाण्याने धुऊन निघणारे दोन खड्ड्यांचे शौचालय हे त्यांचे साधन. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. दीड-दोन वर्षांत पहिल्या खड्ड्यातील मैल्याचे कोरडे, वास नसलेले खत होते आणि ते हाताळताना कोणाची जात आडवी येत नाही. मैला डोक्यावर वाहणाऱ्यांची सुटका हा त्यांचा मूळ हेतू होता.

१९७४मध्ये पाटण्यात त्यांनी पैसे देऊन वापरायचे सार्वजनिक शौचालय सुरू केले, तेव्हा बिहारसारख्या गरीब राज्यात या कामाचे पैसे कोण देणार, अशी चेष्टा झाली होती. पैसे मिळाले. वर्दळीच्या जागेवरील उत्पन्नातून कमी वर्दळीच्या जागेचा तोटा भरून काढण्याचे गणितही त्यातून बसले. आज 'सुलभ' हे अनेक शहरांत सार्वजनिक शौचालयाचे सामान्यनाम होऊन बसले आहे. डॉ. पाठक यांचे १५ ऑगस्ट २०२३ रोजी निधन झाले.

मुंबईत याच विचाराला सामूहिक मालकीची जोड मिळाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९५पासून राबवलेल्या मलनिस्सारण प्रकल्पाच्या अंतर्गत झोपडपट्ट्यांसाठी स्वतंत्र स्वच्छता कार्यक्रम घेण्यात आला. इमारत पालिकेच्या खर्चाने बांधायची. पण त्याआधी वस्तीतील रहिवाशांनी संस्था स्थापन करून प्रौढ माणसामागे १०० रुपयांची वर्गणी जमवायची, ही अट. पुढे देखभाल, वीज, पाणी आणि सफाई यांचा खर्च मासिक पासातून भागवायचा. अशी तीनशेवर संकुले उभी राहिली. काही ठिकाणी राखणदाराचे कुटुंबच वरच्या मजल्यावर राहू लागले. जेथे वस्तीची संस्था जिवंत राहिली, तेथे शौचालय टिकले. जेथे ती एखाद्या स्थानिक पुढाऱ्याची खासगी दौलत बनली, तेथे पाससुद्धा नावापुरते उरले.

तिसरा प्रकार : डबा भरा, डबा बदला

मुकुरूतील निळे शौचालय या प्रकारात मोडते. गटार नाही आणि खड्डा खणायला जागाही नाही, तेथे मैला बंद डब्यात साठवून ठरलेल्या दिवशी उचलायचा. घानामधील कुमासी शहरात 'क्लीन टीम' या संस्थेने घरात ठेवता येईल असे शौचालय भाड्याने देण्यास सुरुवात केली. महिन्याचे ठरावीक भाडे, आठवड्यातून काही वेळा डबा बदलण्यास माणूस येणार. आपल्याकडच्या गॅस सिलिंडरची वा दुधाच्या रतिबाची आठवण यावी, असा हा प्रकार.

हैतीमध्ये 'सॉइल' ही संस्था २००६पासून हे काम करते. त्या देशात भूमिगत गटारे जवळजवळ नाहीतच. जानेवारी २०१०मध्ये भूकंपाने देश उद्ध्वस्त झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉलराने थैमान घातले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका तळावरील मैला नदीत मिसळल्याने ही साथ आली, हे पुढे स्पष्ट झाले. सुमारे दहा हजार माणसे दगावली. मैल्याची एक साखळी तुटली की काय होते, याचे याहून भयंकर उदाहरण अलीकडच्या काळात नाही. 'सॉइल'च्या शौचालयात वापरानंतर पाण्याऐवजी वाळलेल्या चिपाडांचा आणि शेंगांच्या टरफलांचा भुसा टाकतात. गोळा केलेला मैला ढिगांत कुजवला जातो. कुजताना ढिगाचे तापमान इतके वाढते की रोगजंतू मरून जातात. उरते ते खत.

मराठीत या खताला फार पूर्वीपासून 'सोनखत' असा सुंदर शब्द आहे. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीमुक्तीचा आणि सोनखताचा विचार एकत्र मांडला, तो स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. जपानमध्ये तर एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, घरमालकांना भाडेकरूंचा मैला शेतकऱ्यांना विकून चांगले उत्पन्न मिळत असे. तेव्हा मैल्याला मोल आहे, ही गोष्ट नवी नाही. नवे आहे ते तंत्र. नैरोबीत मैला व स्वयंपाकघरातील ओला कचरा काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांना खाऊ घालतात. त्या फुगल्या की वाळवून कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी विकतात.

चौथा प्रकार : उपसा

सेनेगलची राजधानी डकार. तेथील बहुसंख्य उपनगरी घरांना खड्डा आहे, गटार नाही. खड्डा भरला की दोन पर्याय. टँकर बोलवायचा किंवा फावडे घेऊन येणाऱ्या मजुराला. त्याला तेथील बोलीत 'बाय पेल' म्हणतात, म्हणजे फावडेवाला बाबा. तो खड्डा उपसतो आणि मैला घरासमोरच्या रस्त्यात खणलेल्या खड्ड्यात पुरतो. टँकरवाल्यांची संख्या मोजकी, त्यांचे दर आपसांत ठरलेले, म्हणून गरिबाला बाबा परवडतो. पहिल्या पावसात तो मैला पुन्हा गल्लीत वर येतो.

तेथील राष्ट्रीय स्वच्छता कार्यालयाने अभ्यासकांच्या मदतीने एक साधा उपाय योजला. घरमालकाने एका दूरध्वनी क्रमांकावर कळवायचे. त्याबरोबर परिसरातील टँकरवाल्यांच्या मोबाइलवर लघुसंदेश जातो. ज्याला काम हवे, त्याने आपला दर कळवायचा आणि सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला काम. एकमेकांचे दर कळत नसल्याने संगनमताची गाठ सैल होते. सरकारने येथे बाजाराचे नियम बदलले. व्यवसायाधारित सेवा म्हणजे सरकारने अंग काढून घेणे, असा समज असणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील वाई आणि नाशिक जिल्ह्यातील सिन्नर या दोन नगरपालिकांनी २०१८पासून याच कडीवर वेगळा मार्ग निवडला. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या साहाय्याने त्यांनी गावातील सर्व सेप्टिक टँकांचा दर तीन वर्षांनी उपसा करण्याचे वेळापत्रक आखले. टँक तुंबेपर्यंत वाट पाहायची नाही, पाळी आली की गाडी दारात येणार. काम खासगी कंत्राटदाराकडे, पण त्याचे पैसे स्वच्छता करातून स्वतंत्र खात्यात जमा होतात आणि कामाच्या मोजमापानुसार अदा केले जातात. घरमालकाला उपशाच्या वेळी वेगळी रक्कम मोजावी लागत नाही. त्यामुळे पैसे वाचवण्यासाठी उपसा टाळण्याचे कारणच उरत नाही. काढलेला मैला ओढ्यानाल्यात न जाता प्रक्रिया केंद्रात जातो. कृष्णाकाठच्या वाईसाठी याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

हिशेब कुठे अडतो

येथवर वाचून हा प्रश्न सुटल्यातच जमा आहे, असे कोणाला वाटेल. तसे नाही. जागतिक बँकेने २०१९मध्ये नैरोबी, कुमासी, कॅप-हैतियन आणि लिमा या चार शहरांतील डबा पद्धतीच्या संस्थांचा ताळेबंद तपासला. वापरणाऱ्यांचे शुल्क आणि खताची विक्री मिळूनही संपूर्ण खर्च एकाही ठिकाणी भागत नव्हता. उरलेला भार देणगीदार सोसत होते.

यामागची कारणे समजण्यासारखी आहेत. मैला जड असतो, त्यात पाणी फार, त्यामुळे वाहतूक महाग. त्यापासून होणारे खत शेतकऱ्याला रासायनिक खताच्या तोडीस तोड दरात द्यावे लागते आणि तिकडे अनुदाने असतात. खताच्या पैशातून गल्लीतल्या डब्याचा खर्च काढणे म्हणजे दात कोरून पोट भरण्यासारखे. नैरोबीतील संस्थेनेही पुढे दोन वेगळ्या वाटा केल्या. शौचालयांचे जाळे 'फ्रेश लाइफ' या ना-नफा संस्थेकडे आणि खत-खाद्याचा उद्योग 'रिजेन ऑर्गॅनिक्स' या कंपनीकडे. या विभागणीतच उत्तर दडलेले आहे. मैल्यापासून वस्तू बनवणे हा व्यवसाय होऊ शकतो. सर्वांत गरिबाच्या दारातून तो उचलणे हा पूर्णतः व्यवसाय होऊ शकत नाही.

दरवापराच्या शुल्काचे गणितही करून पाहण्यासारखे आहे. पाच माणसांचे कुटुंब, प्रत्येकाने दिवसातून एकदाच शौचालय वापरले आणि दर पाच शिलिंग धरला, तर दिवसाला २५ आणि महिन्याला ७५० शिलिंग होतात. हातावर पोट असलेल्या कुटुंबात काटछाट करायची वेळ आली की पहिला नंबर मुलांचा लागतो. मुले बाहेर बसतात. आणि एक मूल जरी उघड्यावर बसले, तरी पैसे भरणाऱ्या शेजाऱ्याच्या स्वच्छतेवर पाणी पडते. म्हणूनच नैरोबीतील भर पुढे वापरागणिक शुल्काकडून चाळवजा घरांना मासिक भाड्याने शौचालय पुरवण्याकडे वळला.

अनुदान द्यावे की देऊ नये, या वादात बांगलादेशातील तानोर तालुक्यातील एक अभ्यास महत्त्वाचा आहे. रेमंड गितेरास, जेम्स लेविन्सन आणि मुश्फिक मोबारक या अर्थतज्ज्ञांनी ३८० वस्त्यांमधील अठरा हजारांहून अधिक कुटुंबांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केवळ प्रबोधन केलेल्या वस्त्यांत फारसा फरक पडला नाही. प्रबोधनाबरोबर गरिबांना सवलतीची कुपने दिली, तेथे कुपन मिळालेल्या कुटुंबांत चांगल्या शौचालयांचे प्रमाण शंभरात २२ने वाढले. लक्षणीय गोष्ट अशी की, त्याच वस्तीतील कुपन न मिळालेल्या शेजाऱ्यांतही ते शंभरात साडेआठने वाढले. फुकट दिले की लोक स्वतःचा पैसा खर्चत नाहीत, हा समज त्यामुळे खोटा ठरला. शौचालय ही शेजाऱ्याचे पाहून घ्यावीशी वाटणारी वस्तू आहे. दूरदर्शन संचासारखीच.

इतिहासही हेच सांगतो. १८५८च्या उन्हाळ्यात टेम्स नदीच्या दुर्गंधीने ब्रिटिश संसदेचे कामकाज अशक्य झाले, तेव्हा कोठे लंडनच्या भव्य गटार योजनेला पैसा मिळाला. तो कर आणि कर्जातून आला, झोपडीतल्या माणसाच्या शुल्कातून आला नाही. आजही शहराच्या सधन भागातील माणूस फ्लशचा खटका दाबतो, तेव्हा पुढच्या प्रवासाचा मोठा खर्च सार्वजनिक तिजोरी सोसते. गटाराच्या टोकावर राहणाऱ्याला सवलत आणि गटार नसलेल्याने मात्र स्वतःच्या पायावर उभे राहावे, हा न्याय उफराटा आहे.

हात कोणाचे

गरिबीनिर्मूलनाच्या अंगाने आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे. या साखळीत हात कोणाचे? चांगल्या रीतीने चालवलेल्या सेवेत शौचालयचालक, डबे उचलणारे, टँकरचालक, प्रक्रिया केंद्रातील कामगार अशा नियमित पगाराच्या नोकऱ्या निर्माण होतात. फावडेवाल्या बाबाला हातमोजे, पंप आणि ओळखपत्र मिळाले, तर त्याच्या घरातली गरिबी खरोखर हटू शकते. युगांडाच्या कंपालात हातपंपाने खड्डे उपसणारे लहान व्यावसायिक संघटित झाले आहेत.

भारतात मात्र या प्रश्नाला जातीचा काटा आहे. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवर १९९३मध्ये आणि पुन्हा २०१३मध्ये कायद्याने बंदी आली. गटारात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबीयांना १० लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये दिला आणि ऑक्टोबर २०२३मध्ये ही रक्कम ३० लाखांवर नेली. तरीही सेप्टिक टँकात गुदमरून कामगार दगावल्याची बातमी दर थोड्या दिवसांनी वृत्तपत्राच्या आतल्या पानावर येतेच. बहुतेक वेळा तो कंत्राटदाराचा माणूस असतो आणि कंत्राटदाराने आणखी कोणाला पोटकंत्राट दिलेले असते. सेवेचे खासगीकरण म्हणजे जबाबदारीचे खासगीकरण, असा अर्थ लावला गेला, तर व्यवसायाची ही नवी भाषा जुन्याच अन्यायावर पांघरूण ठरेल.

स्वच्छ भारत अभियानात २०१४ ते २०१९ या काळात ग्रामीण भागात १० कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. म्हणजे पहिली कडी मोठ्या प्रमाणावर जोडली गेली. आता या कोट्यवधी खड्ड्यांचा आणि टँकांचा उपसा कोण करणार, कशाने करणार आणि तो मैला कोठे जाणार, हा पुढच्या काळातील प्रश्न आहे. तो व्यवसायाच्या शिस्तीशिवाय सुटणार नाही, हे कंबोडियाने आणि डकारने दाखवून दिले. तो केवळ व्यवसायाच्या भरवशावरही सुटणार नाही, हे नैरोबीच्या आणि हैतीच्या ताळेबंदाने सांगितले.

मग या सेवेचा आराखडा समोर आला, की नागरिकाने काय तपासावे? साखळीच्या पाचही कड्यांचा खर्च कोण देणार, हे लिहिलेले आहे का? सर्वांत गरीब कुटुंबाच्या वाट्याचा भार सार्वजनिक तिजोरीतून उचलला जाणार का? कंत्राटदाराला पैसे कामाच्या मोजमापावर मिळणार का? आणि टँकात माणूस उतरणार नाही, याची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे? या चार प्रश्नांची उत्तरे असतील, तर शुल्क घेण्यात गैर काही नाही. उलट पैसे मोजणारा गरीब माणूस ग्राहक म्हणून तक्रार करू शकतो. दान घेणाऱ्याला तोही अधिकार नसतो.

मुकुरूतील एखादी बाई पाच शिलिंग देऊन निळ्या दारामागे कडी लावते, तेव्हा ती केवळ सेवा विकत घेत नसते. ती पाच मिनिटांचा एकांत विकत घेत असते. शहरातील सधन माणसाला हा एकांत जन्मजात मिळतो, त्यामुळे त्याची किंमत त्याला माहीत नसते. गरिबाला ती माहीत आहे आणि ऐपतीप्रमाणे द्यायची त्याची तयारीही आहे. उरलेली रक्कम कोणी भरायची, एवढेच बाकीच्या समाजाला ठरवायचे आहे.